तुमचा कुत्रा रात्री कुठे झोपतो?



गेल्या महिन्यात या सदरात घरातल्या वाय-फायवर लिहिलं, त्यावर बरेच मेसेज आले. त्यातला एक मेसेज मात्र वाय-फायचा नव्हताच. निपाणीजवळच्या एका गावच्या, पण नोकरीसाठी पुण्यात असलेल्या एका ताईंनी लिहिलं होतं : "लॉकडाऊनमध्ये घरून काम करत होते तेव्हा कुत्रा आणला. आता तो गावी आई-बाबांकडेच असतो. बाबा त्याला रात्री बाहेर ओट्यावर साखळीने बांधतात. शेजारच्या उसात बिबट्या दिसला असं लोक म्हणतात. बाबांना सांगितलं तर म्हणतात, कुत्रा घरात घ्यायचा तर राखण कोण करणार? काय करू?"

उत्तर दोन शब्दांत द्यायचं तर : आत घ्या. पण बाबांना दोन शब्द पुरत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, म्हणून हा अख्खा लेख. मी सॉफ्टवेअरवाला, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण गेली सात वर्षं घरात बंड्या नावाचा एक मुधोळ आहे, आणि त्याच्यामुळे या विषयावर बरंच वाचलंय, बऱ्याच जाणकारांचं डोकं खाल्लंय.

आधी बिबट्याचंच घेऊ. ऑगस्ट 2022 बेळगावकर विसरलेले नाहीत. जाधवनगरमध्ये बांधकामावरच्या एका कामगारावर बिबट्याने हल्ला केला, मग तो गोल्फ कोर्सच्या झाडीत दिसला, आणि त्या भागातल्या 22 शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू कॅम्पमधून हत्ती आणले, ड्रोन उडवले, पिंजरे लावले. गावात तेव्हा दुसरा विषय नव्हता. खानापूरच्या जंगलापासून शहर फार लांब नाही हे तोवर आपण विसरूनच गेलो होतो.

बिबट्या गावाच्या आसपास कशासाठी फिरतो याचा एक चांगला अभ्यास आपल्याच मुलखासारख्या मुलखात झालेला आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे ऊस, वस्त्या आणि शेतातली घरं असलेल्या भागात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात हे तपासलं. तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबात बिबट्याच्या खाण्यापैकी 87 टक्के पाळीव किंवा माणसांच्या आसऱ्याने राहणारे प्राणी निघाले, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा फक्त 11 टक्के. आता हे असं का, ते कुणीही शेतकरी सांगेल. शेळी रात्री कोंडलेली असते. कुत्रं उघड्यावर असतं.

आणखी एक गोष्ट. बिबट्या पकडायला वनखातं पिंजरा लावतं तेव्हा त्यात आमिष म्हणून काय ठेवतात? शेळी, नाहीतर कुत्रं. रात्रभर एका जागी अडकलेला, पळू न शकणारा, आवाज करणारा प्राणी. आता ओट्यावरच्या साखळीकडे परत एकदा बघा. फरक एवढाच, की वनखात्याच्या पिंजऱ्यात त्या आमिषाचा कप्पा बिबट्यापासून वेगळा केलेला असतो. आपल्या ओट्यावर ती सोयही नाही. आणि बिबट्या एकदा दारातल्या कुत्र्यावर आला की तो तुमच्या दारात आलेला असतो, त्याच दारातून पहाटे आई सडा घालायला आणि पोरं अंगणातल्या संडासाला बाहेर पडतात. कुत्र्याला आत घेणं हे नुसतं कुत्र्यापुरतं नाही ते यासाठी.

"कंपाउंड आहे की आमचं" असं कुणी म्हणेल. पाच-सहा फुटांची भिंत बिबट्याला भिंत वाटतच नाही. घराच्या व्हरांड्यातून झोपलेला कुत्रा उचलून नेल्याचे सीसीटीव्हीतले व्हिडिओ तुमच्या फॅमिली ग्रुपवर आलेच असतील. त्यातली बरीचशी घरं चांगली कंपाउंडवाली आहेत.

आता बाबांचा मुद्दा. "आमच्या वेळी कुत्री बाहेरच असायची, काही झालं नाही त्यांना." हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, त्यात खरं आहे. माझ्या आज्जीच्या घरीही कुत्रा बाहेरच असायचा. पण तो मोकळा असायचा. साखळी नावाची वस्तू त्या घरात बैलासाठी सुद्धा नव्हती, दावं होतं. थंडीत कुत्रा परसातल्या चुलवणाच्या राखेत, पावसात गोठ्यात म्हशीच्या उबेला, उन्हाळ्यात सोप्यात आजोबांच्या घोंगड्याशेजारी. रात्रीची माणसंही बाहेर असायची. कुणी कट्ट्यावर, कुणी खळ्यावर, कुणी रानात वस्तीला. काही वाजलं, कुत्रं भुंकलं, की चारजण काठ्या घेऊन उठायचे.

आणि आज? साडेदहाला आपण ग्रील ओढतो, कुलूप लावतो, खिडक्या बंद करून पंखा लावतो. चोरट्याने गेट वाजवलं तरी आत ऐकू येत नाही. बाहेर चार फुटी साखळीवर एकटा कुत्रा. जुनी पद्धत आपण पाळतोय असं आपल्याला वाटतं, पण जुन्या पद्धतीतली माणसं आपण काढून घेतली आणि साखळी तेवढी नवीन घातली.

धनगरांकडे बघा. मेंढ्या घेऊन आपल्या भागातून जातात, रात्री कुणाच्या तरी शेतात बसतात. मेंढ्यांना जाळीची वाघर, बाजूला माणसं झोपलेली, शेकोटी, आणि कुत्री मोकळी. एक नाही, दोन-तीन. काहींच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा, कारण जनावर मान धरतं. ज्यांचं पोट या राखणीवर आहे ते कुत्र्याला रात्री बांधून ठेवत नाहीत. काटेरी पट्ट्याबद्दल मला बऱ्याचजणांनी विचारलंय म्हणून सांगतो : रानात फिरणाऱ्या मोकळ्या कुत्र्याला त्याचा उपयोग होतो. पट्टा घातला म्हणून ओट्यावर बांधायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

बिबट्या सगळ्यांच्या नशिबी नसतो, टिळकवाडीत किंवा शहापुरात तर नसतोच म्हणा. साखळी मात्र तिथेही असते, आणि बिबट्याशिवायही ती पुरेशी धोक्याची आहे. कंपाउंडच्या भिंतीजवळ बांधलेला कुत्रा फटाक्याला घाबरून भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे पट्ट्याला लटकतो. दिवाळीत आणि गणपतीत डॉक्टरांकडे अशा केसेस येतात. साखळी पायरीला, कुंडीला, स्कूटरच्या स्टँडला गुंडाळते आणि पाण्याचं भांडं हातभर लांब राहतं. पावसाळ्यात नाग, घोणस, मण्यार उंदराच्या मागावर घराकडे येतात. मोकळा कुत्रा निदान बाजूला होऊ शकतो, बांधलेल्याला त्या साखळीच्या गोलातच सापाशी भांडावं लागतं. भटकी कुत्री येऊन चावतात, आणि सकाळी केसांत लपलेली ती जखम कुणाच्या लक्षातही येत नाही. रेबीजची लस दरवर्षी न चुकता द्या असं मी वेगळं सांगायला नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रा काय, माणूसही वाचत नाही.

मुधोळ पाळणाऱ्यांनी तर साखळीचा नादच सोडावा. आपल्या भागात ही जात घरोघरी आहे, आणि का नसावी? शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जपलेली, 2005 मध्ये पोस्टाच्या तिकिटावर झळकलेली, पुढे लष्करातही गेलेली. पण तो मुळात पळायला जन्मलेला कुत्रा. मांजर दिसलं की एका क्षणात सुसाट सुटतो, आणि साखळी संपली की तो सगळा वेग त्याच्या त्या बारीक, लांब मानेवर येतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, डिसेंबरातली पहाट आपल्याला स्वेटरमध्ये गारठवते. फरशीवर उघड्या अंगाने पडलेल्या मुधोळचं काय होत असेल?

कायद्याचंही सांगतो, कारण बाबा लोकांना कायदा आवडतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये जनावराला गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरला आहे. त्याच कलमात कुत्र्यासाठी एक खास वाक्य आहे : जो मालक नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवत नाही, तोही दोषी. पासष्ट वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचलं होतं. दंड मात्र पहिल्या वेळेला 10 ते 50 रुपये, म्हणजे आजच्या दोन चहांचा. त्यामुळे कायद्याचा धाक दाखवून घरात काही साधणार नाही, पण "सरकारनेसुद्धा लिहिलंय" एवढं म्हणायला उपयोगी पडतं.

तर, राखण कोण करणार? कुत्राच. आतून. त्याचे कान बंद दाराआडूनही आपल्यापेक्षा किती तरी तिखट असतात. आत भुंकलेला कुत्रा घर उठवतो, बाहेर भुंकणाऱ्याकडे आपण "रोजचंच आहे" म्हणून कूस बदलतो. चोरट्यांची जुनी युक्ती म्हणजे मांसाच्या तुकड्यात किंवा पावात विष घालून फेकणं. आत असलेल्या कुत्र्यापर्यंत तो तुकडा पोचत नाही. आमच्या बंड्याला मी रात्री आत घेतो यावर एका काकांनी "मग कुत्रा कशाला, पोपट पाळायचा" असा टोमणा मारला होता. त्यांच्याकडे दोन वर्षांत तीन कुत्री झाली. मी त्यांना उलटून काही बोललो नाही, काका आहेत शेवटी. पण लेखात लिहायला काय हरकत आहे?

राखणीपेक्षा खरी अडचण देवघराची. आज्जी, आई, आत्ती यांचं म्हणणं असतं की सोवळ्या-ओवळ्याच्या घरात कुत्रं फिरायला नको. यावर त्यांच्याशी वाद घालू नका. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि त्याने मत बदलत नाही. मत बदलतं ते सोयीने. कुत्र्याला सगळं घर नको असतंच. त्याला एक ठरलेला कोपरा हवा असतो, चार भिंती आणि दार असलेला. आपल्याकडच्या घरांत असे कोपरे खूप आहेत. जुन्या घरात बंद होणारा सोपा, पुढच्या दाराच्या आत असलेली ढेलज, जिन्याखालची जागा. नव्या बंगल्यात युटिलिटी, मागची ग्रीलबंद पडवी, स्टोअर रूम. उंबऱ्यावर लहान मुलांसाठी मिळतं तसं अडीच-तीन फुटांचं जाळीचं दार लावलं की स्वयंपाकघर आणि देवघर हद्दीबाहेर. सुतार अर्ध्या दिवसात बसवून देतो. कुत्र्यांना हद्द फार लवकर कळते. आपल्या सीमाभागात हे वाक्य लिहिताना हसू येतंय खरं.

कोपरा ठरवताना जमिनीवर चवड्यांवर बसून, कुत्र्याच्या उंचीवरून आजूबाजूला बघा. आमच्या कामात नवीन सिस्टीम चालू करायच्या आधी ती बंद कशी पडेल याचा विचार करतात, तसंच. लोंबणारी चार्जरची वायर, गादीच्या उशीतून निघणारा कापूस, मच्छर अगरबत्ती, फिनेलची बाटली, काढून ठेवलेली औषधं. पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेनसारख्या आपल्या साध्या गोळ्या कुत्र्याला विष आहेत. मनुके, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदाही त्याला चालत नाही, त्यामुळे रश्शाचं उरलेलं पातेलं त्या खोलीत नको. गॅसचं सिलिंडर असलेली बंद युटिलिटी असेल तर तो कोपरा सोडून दुसरा शोधा.

निपाणी, चिक्कोडी भागातल्या मंडळींनी इथे जरा थांबून वाचावं. निपाणी म्हटलं की तंबाखू, आणि तंबाखू कुत्र्याला विषारी आहे. घरी तंबाखूचं बोद ठेवलेलं असतं, बिड्या वळणाऱ्या घरात सुपात तंबाखू आणि पानं असतात, आजोबांची चंची खाटेखाली असते, अंगणात थोटकं पडलेली असतात. "कडू असतं, खात नाही" असं लोक म्हणतात. मोठा कुत्रा बहुधा खात नाहीही. पिल्लू मात्र सगळं चावून बघतं, आणि रात्री एकटं कोंडलेलं, कंटाळलेलं पिल्लू तर नक्कीच. निकोटीनची लक्षणं फार लवकर दिसतात, बहुतेक वेळा तासाभराच्या आत : लाळ गळणं, उलटी, अंग थरथरणं, धाप. सकाळी उठून बघू म्हणायला वेळच नसतो. त्यामुळे वखार किंवा तंबाखू ठेवलेली खोली ही कुत्र्याच्या मुक्कामाची जागा नव्हेच, "मोठी आहे, कोरडी आहे, दार आहे" असं कितीही वाटलं तरी.

तेच उंदराच्या औषधाचं. गोदाम, धान्याची खोली, गोठा इथे ते ठेवलेलं असतं आणि कुत्र्यालाही रात्री तिथेच कोंडतात. बाजारात साधारण दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे काळसर पूड, झिंक फॉस्फाइड, ही पिठात कालवून ठेवतात. तिचा परिणाम काही तासांतच दिसतो आणि तिच्यावर नेमकं असं उतारा-औषध नाही. दुसरा म्हणजे तयार वड्या किंवा केक, ब्रोमॅडिओलोनचे. हा जास्त फसवा, कारण खाल्ल्यावर तीन-चार दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. याच्यावर व्हिटॅमिन के-1 हा चांगला उपाय आहे, पण वेळेत कळलं तर. म्हणून खाल्ल्याची नुसती शंका आली तरी डॉक्टरांकडे जा आणि औषधाचं पाकीट बरोबर न्या, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा घरगुती उपाय करू नका, त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. झिंक फॉस्फाइड असेल तर गाडीच्या काचा उघड्या ठेवा. उलटीतून निघणारा वायू माणसांनाही बाधतो.

आत घ्यायला खरंच जागा नाही, असंही काही घरांत असतं. दोन खोल्यांत सहा माणसं असली तर मी शहाणपण शिकवणार नाही. मग बाहेर पक्की खोली करा, पण पक्की म्हणजे पक्की. चारी बाजूंनी आणि वरून बंद. वरून उघडा असलेला पिंजरा बिबट्याला दारासारखाच. वेल्डिंगवाल्याला सांगताना गज लांब लांब लावू देऊ नका, पंजा आत जाणार नाही अशी बारीक, जाड तारेची जाळी हवी, आणि खालचे दोन-तीन फूट विटांचं बांधकाम किंवा पत्रा, म्हणजे वाराही अडतो. कडी कुत्र्याच्या धक्क्याने उघडणार नाही अशी. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे दाराचं तोंड पूर्वेकडे. तळ जमिनीपासून अर्धा फूट उंच, त्यावर लाकडी फळी, त्यावर गोणपाट किंवा जुनी वाकळ. नुसत्या पत्र्याचं छत एप्रिलमध्ये भट्टी होतं, वर गवत किंवा उसाचा पाला टाका. आकार मुधोळ किंवा लॅब्राडोरसाठी निदान सहा बाय चार फूट, उंची तो मान वर करून उभा राहील त्याहून जास्त. जागा घराच्या भिंतीला लागून, झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ. सरपणाच्या ढिगाऱ्याशेजारी नको, तिथे साप असतात. बाहेर रात्रभर एक दिवा चालू ठेवा आणि आजूबाजूचं गवत कापा. हे सगळं करायला जो खर्च येतो तो ऐकून बरेच बाबा म्हणतात, "त्यापेक्षा जिन्याखाली झोपू दे." छान, तेच तर हवं होतं.

गच्चीवर सोडून देणं हा शहरातला आवडता उपाय, आणि मला तो मुळीच पटत नाही. दुपारी स्लॅब तापतो, रात्री खाली मांजर दिसलं की कठड्यावरून उडी. फ्लॅटच्या गॅलरीचंही तसंच, रेलिंगच्या गजांमधून पिल्लाचं डोकं आरपार जातं. जाळी मारून घेतलीत तरच गॅलरी. आणि बंद गाडीत "दहाच मिनिटं" कधीही नाही.

दिवसा एकटं ठेवण्याबद्दल थोडं. आपली पिढी दोघंही नोकरीवाली, त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घर बंद. क्रेट, म्हणजे तारेचा घडीचा पिंजरा, आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतो. कुत्र्याला त्याची सवय लावली असेल तर तो त्याला आपली गुहा समजतो, दार उघडं असलं तरी तिथेच जाऊन झोपतो. पण आज आणला आणि उद्या त्यात कोंडून ऑफिसला गेलो, असं चालत नाही. आधी आत नुसतं जेवण, मग दार पाच मिनिटं बंद, मग अर्धा तास, असं दोन-तीन आठवडे. त्यात तो उभा राहील, वळेल आणि पाय पसरून झोपेल एवढी जागा हवी. आत असताना गळ्यातला पट्टा काढून ठेवा, तो तारेत अडकून गळफास बसतो. दिवसा मोठ्या कुत्र्याला सलग चार-पाच तासांच्या वर क्रेट नको. पिल्लाला त्याच्या वयाचे जितके महिने तितकेच तास, हा साधा हिशेब. दहा तास बाहेर असाल तर क्रेटपेक्षा खोली बरी, आणि दुपारी कुणीतरी येऊन त्याला बाहेर काढायला हवं. शेजारचा कॉलेजचा पोरगा आनंदाने येतो, महिन्याला त्याच्या पेट्रोलचे पैसे निघाले की झालं.

जुना फोन पडून असेल तर तो कॅमेरा म्हणून त्या खोलीत लावा, फुकटची ॲप आहेत. आम्ही लावला तेव्हा कळलं की बंड्या दिवसातले सात तास झोपतो, अर्धा तास दाराकडे बघतो आणि उरलेला वेळ माझी चप्पल शोधतो. चोवीस तास बघत बसू नका मात्र. सुरुवातीचा आठवडा बघा. तो सतत रडत असेल, दार ओरबाडून नखांतून रक्त काढत असेल, तर ते लाडावलेपण नसून एकटेपणाची भीती आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांशी बोलायला हवं.

ताईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांच्या घराला रस्त्याकडून बंद सोपा आहे, आत बाबांचीच खाट असते. बाबांना एवढंच सांगा म्हटलं, की कुत्रा तुमच्या खाटेखाली राहील आणि काही वाजलं तर आधी तुम्हालाच उठवेल. बाबांनी "बघू" म्हटलंय. आपल्याकडे बाबांचं "बघू" म्हणजे निम्मं काम झालं.

शेवटी लग्नसराईचं. चार दिवस सगळं घर कोल्हापूरला किंवा पुण्याला जाणार असेल तर कुत्र्याचं काय? आता बेळगावातही कुत्र्यांची होस्टेलं निघाली आहेत. ठेवायच्या आधी एकदा स्वतः जाऊन बघा, आणि शक्यतो रात्री आठ-नऊला, कारण दुपारी सगळीच छान दिसतात. लसीचं कार्ड मागतात का ते बघा. जे मागत नाहीत, तिथे बाकीच्या कुत्र्यांचंही मागितलेलं नसतं. वेगवेगळी कुत्री रात्री एकत्र ठेवतात का ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री तिथे माणूस झोपतो का, की कुलूप लावून घरी जातात? कुलूप लावून जात असतील तर तिथे ठेवू नका. त्यापेक्षा कुत्र्याला ओळखणाऱ्या शेजारच्या मावशींना विचारा, त्याचं अंथरूण आणि त्याचं भांडं त्यांच्याकडे द्या, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर चिकटवा, आणि निघायच्या आधी एक रात्र त्याला तिथे झोपवून बघा. मावशींसाठी कुंद्याचा अर्धा किलोचा डबा न्यायला विसरू नका. कुंदा कुत्र्याला देऊ नका, हे मावशींना दोनदा सांगा.

पुढच्या महिन्यात भेटू. विषय : आई-बाबांच्या फोनवर येणारे बँकेचे खोटे मेसेज.